मफद्दल सुताराचं बाहेरचं वर्ष

चाळीस वर्षं मी तेतुआन शहरात लोकांचे दस्त लिहितोय आणि माझं ठाम मत झालंय की माणूस कफनाची तयारी हौसेने करतो, घराची करत नाही. कफन मक्केहून आणतात, धुऊन, अत्तर लावून पेटीत ठेवतात. कबरीची जागा डोंगराच्या कुठल्या उतारावर हवी यावरून भाऊभाऊ भांडतात. पण 'तुमच्यामागे या घराचं काय' एवढं विचारलं की एकेकाचं तोंड असं होतं, जणू मी त्याच्यासमोरचं ताट उचललं.

सी मफद्दल सुतार हा या सगळ्यांचा शिरोमणी. वय बहात्तर, बायको वारलेली, एकच मुलगी. सख्खा भाऊ गेला, त्याचा मुलगा अब्देलखालक भिंतीला भिंत लावून कापडाचं दुकान चालवतो. मफद्दलचं घर म्हणजे तीन खोल्या, अंगण, वर गच्ची. सगळे दरवाजे, कपाटं, छताच्या तुळया त्याने स्वतःच्या हाताने केलेल्या, आणि त्या इतक्या चांगल्या की त्याचा ताठा सहन करावा लागे. कुणाच्याही मेजावर पेला ठेवला तरी आधी मेजाला हात लावून म्हणायचा, "हे कुणी केलं? त्याला लाकूडही कळत नव्हतं आणि लाजही नव्हती."

मुलगी बतूल. लग्न होऊन दोन वर्षांत परत आलेली, तेव्हा सव्वीसची, आता बेचाळीस. नवऱ्या मुलींच्या कपड्यांवर भरतकाम करते आणि त्याच कमाईतून तिने गच्ची नव्याने बांधून घेतली. आईचं दुखणं तिनेच काढलं. आता कायद्याने एकुलत्या एका मुलीला अर्धं घर, उरलेलं अर्धं भावाच्या मुलाला. कायदा त्याच्या जागी बरोबर आहे. भावाच्या मुलाने चुलतबहिणीला सांभाळायचं, तिची जबाबदारी घ्यायची, हे त्यात धरलेलं आहे. अब्देलखालकने सोळा वर्षांत बतूलला संत्र्यांची पिशवीसुद्धा दिली नव्हती.

मी तीन वर्षं मफद्दलच्या मागे लागलो होतो. "जिवंतपणी लिहून दे. तू गेल्यावर अर्ध्या घरात ती राहणार कुठे? जिन्यावर?"

तो म्हणायचा, "हाश्मी, घर लिहून दिलं की मृत्यूचा फरिश्ता पत्ता वाचत येतो."

"त्याला पत्ता लागत नाही. तुझ्याआधी तुझ्या भावाकडे बिनचूक आला की नाही?"

यावर तो माझ्या दुकानाच्या दाराची बिजागरी हलवून बघायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी अक्कल आणली ती अब्देलखालकनेच. एका दुपारी तो मोजपट्टी घेऊन आला आणि मधली भिंत मोजू लागला. म्हणाला, "सहज, काका. दुकानाला मागे जागा लागेल कधीतरी." मफद्दलने आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती मोजल्या होत्या, आपली कुणी मोजेल हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायच्या आत तो फळीवर येऊन बसला होता.

"लिही," म्हणाला. "सगळं बतूलला."

आता इथे खरं घोडं पेंड खातं, ते सांगतो. मृत्युपत्राने मुलीला जास्तीचं देता येत नाही, कारण ती वारसच आहे. विक्री दाखवावी, तर तिने पैसे कुठून आणले हे उद्या कोर्ट विचारणार. राहिलं बक्षीसपत्र. पण आमच्याकडे बक्षीस नुसतं लिहून होत नाही, ते हातातून सुटावं लागतं. देणारा ज्या घरात राहतो तेच घर देत असेल, तर त्याने सामानसुमानासह बाहेर पडायचं, आम्ही दोघा अदूलांनी, म्हणजे दस्त लिहून साक्ष देणाऱ्यांनी, रिकामं घर डोळ्यांनी बघायचं, किल्ली मुलीच्या हातात पडायची, आणि मग पूर्ण एक वर्ष त्याने तिथे राहायचं नाही. वर्ष झालं की खुशाल परत येऊन राहावं. पण वर्षाच्या आत परत येऊन राहिला आणि तिथेच मेला, की कागद रद्द. दिलंच नव्हतं असं धरतात.

हे मी त्याला चारदा सांगितलं. त्याने चारदा मान डोलावली.

राहायला कुठे जाणार? तर माझ्याकडे, माडीवरच्या खोलीत. हा माझा मूर्खपणा. दस्त मी लिहिलेला आणि देणारा माझ्याच घरात, म्हणजे उद्या भांडण झालं तर माझ्या साक्षीला कोर्टात कवडीचीही किंमत नाही. माझा जोडीदार अदूल सी लार्बी तेव्हाच म्हणाला होता, "गल्लीतले साक्षीदार लागतील हं." मी म्हटलं, बघू.

घर रिकामं करायच्या दिवशी मी आणि सी लार्बी खोली खोली बघत फिरलो. मफद्दल मागोमाग. कपाट उघडलं तर आत रंध्याची पेटी.

"हे सामान कुणाचं?"

"घराचं," मफद्दल म्हणाला.

"घर रंधा मारतं?"

"दारं पावसाळ्यात फुगतात. बतूल काय रंधा मारणार आहे?"

पेटी बाहेर काढली. गच्चीवर त्याची जुनी चप्पल निघाली, जिन्याखाली नमाजाची चटई, स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीमागे त्याचा चष्मा. सी लार्बी थंड डोक्याचा माणूस, पण त्यालाही घाम आला. म्हणाला, "सी मफद्दल, तुम्ही घर देताय की लपाछपी खेळताय?" शेवटी किल्ली बतूलच्या हातात दिली. ती रडत होती, म्हणून किल्ली कशी घ्यायची हेही मफद्दलने तिला ओरडून सांगितलं.

नऊ दिवस. मोजून नऊ दिवस तो माझ्याकडे राहिला. त्यात माझ्या बायकोच्या, रहीमोच्या, तीन खुर्च्या खिळखिळ्या आहेत म्हणून त्याने मोडून ठेवल्या. दहाव्या दिवशी पाऊस लागला आणि संध्याकाळी मफद्दल माडीवर नाही. सकाळी सापडला कुठे, तर स्वतःच्या घरी, स्वतःच्या गादीवर, घोरत. दार फुगलं होतं म्हणे. ते घासता घासता उशीर झाला, मग जेवला, मग झोपला.

मी कपाळावर हात मारला. अब्देलखालक दुकानाच्या पायरीवर उभा राहून गोड हसत म्हणाला, "काका घरी आले, बरं झालं. घराला मालक लागतोच." त्याच्या शेजारी केशकर्तनवाला उभा होता. साक्षीदार, उघड आहे.

पुन्हा सी लार्बी, पुन्हा खोली खोली, पुन्हा किल्ली, नवी तारीख. मफद्दलला वाटलं मी उगाच त्रास देतोय. "एका रात्रीने काय होतं?"

"त्या एका रात्रीत मेला असतास तर कळलं असतं."

त्यानंतर साडेपाच महिने नीट गेले. मी मनात अल्लाहचे आभार मानायला लागलो आणि बकरी ईद आली. घरच्या बोकडाला सुरी घरच्या कर्त्या पुरुषानेच लावायची. मी सांगितलं, माझ्या अंगणात लाव. तो हो म्हणाला. नमाज पढून परत येताना पाय कुठे वळले हे सांगायला नको. बतूलने शेजाऱ्याला बोलावलं होतं, त्याच्या हातून सुरी ओढून घेऊन मफद्दलने स्वतःच्या अंगणात बोकड कापला. मग मटण सुकवायला गच्चीवर टांगायचं, त्यावर लक्ष ठेवायचं, कारण मांजरं. दहा दिवस राहिला. मी बोलवायला गेलो तर वरून म्हणतो, "मटण वाळलं की येतो."

मी रस्त्यात उभा राहून ओरडलो. मी, पांढऱ्या दाढीचा अदूल, भर गल्लीत. "ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं! राहा तिथेच. दे अर्धं घर अब्देलखालकला, मटणासकट."

तिसऱ्यांदा नवी तारीख. सी लार्बीने यायला साफ नकार दिला होता, रहीमोने त्याला मधात घोळलेली शबाकिया मिठाई पाठवली तेव्हा आला.

त्या वेळी मी हट्टाने जुने ग्रंथ काढून बसलो. काहीतरी वाट असेलच, कारण मफद्दलसारखी डोकी पूर्वीही असणारच. आणि एका ओळीत सापडली. देणारा वर्षाच्या आत परत आला, पण पाहुणा म्हणून आला, तर बक्षीस मोडत नाही. पाहुणा म्हणून आला आणि तिथेच मेला, तरी मोडत नाही.

मी धावत माडीवर गेलो. "मफद्दल, तुला घरी जाता येईल. दार वाजवायचं, पाहुण्यांच्या खोलीत बसायचं, चहा प्यायचा, उठायचं."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मलाच वाईट वाटलं. "ते दार मी केलंय, हाश्मी. अक्रोडाचं आहे. त्याला मी बाहेरून ठोठावू?"

"ठोठाव. दार तुझं असलं तरी घर आता तिचं आहे."

गेला एका शुक्रवारी, मी बरोबर होतो. दार वाजवलं नाही, ढकललं. पाहुण्यांची खोली सोडून सरळ स्वयंपाकघरात गेला, कुसकुसच्या भांड्यावरचं झाकण उचललं आणि म्हणाला, "गाजरं मोठी चिरलीस." मग दिवाण भिंतीपासून का सरकवला, नळ का गळतो, अंगण दोनदा धुतात की एकदा.

बतूलने हातातलं फडकं खाली टाकलं. "बाबा, पाहुणे झाकण उघडत नाहीत."

"मी पाहुणा?"

"मग कोण? मालक असाल तर तसं सांगा, हाश्मीकाका कागद फाडून टाकतील. मला नकोय घर. गल्लीतल्या बायका विचारतात, घरासाठी बापाला बाहेर काढलंस का गं? मी काय सांगू? हे असं दर वेळी येता, बसता, आणि पुन्हा पहिल्यापासून. तीन वेळा मी तुम्हाला दारातून जाताना बघितलं. अजून किती वेळा बघायचं?"

मफद्दलने झाकण परत ठेवलं, जरा तिरकं. मी म्हटलं, "चल."

त्यानंतर तो गेलाच नाही. आठ महिने. मी म्हणायचो, पाहुणा म्हणून जाऊन ये, चालतं. तो म्हणायचा, "मला जमत नाही ते." बतूलच दर शुक्रवारी डबा घेऊन माझ्याकडे यायची. दोघं माडीवर बसून भांडायची, तांदळावरून, डॉक्टरवरून, त्याने न सोडलेल्या तपकिरीवरून. ऐकून बरं वाटायचं.

मग हिवाळ्याच्या शेवटी छाती धरली. डॉक्टरने फुप्फुसात पाणी सांगितलं, इस्पितळात ठेवलं, तिथून हा दोन दिवसांत भांडून परत आला. ओठ निळे, पाय सुजलेले. वर्ष पुरं व्हायला तेवीस दिवस होते.

एका सकाळी म्हणाला, "हाश्मी, मला घरी ने."

"तेवीस दिवस थांब."

"तू फरिश्त्याला तारीख देतोस?"

"मी नाही देत. पण सव्वाअकरा महिने काढलेस. आता जाऊन तिथे पडलास आणि काही झालं तर अब्देलखालक म्हणणार, मालक आपल्या बिछान्यात मेला. केशकर्तनवाला मान डोलावणार. माझी साक्ष कोण ऐकणार? तू माझ्याच घरात राहतोस."

मी चिडून बोललो. इतका चिडलो होतो की त्याला श्वास घ्यायला त्रास होतोय हे मला दिसत होतं आणि तरी मी नियम सांगत होतो. तो भिंतीकडे तोंड करून पडला. मी खाली येऊन रहीमोला म्हणालो, "हा माणूस मला कबरीत घालणार." ती म्हणाली, "त्याला मरायचंय आणि तुम्ही त्याला वेळापत्रक वाचून दाखवताय."

दुपारच्या नमाजाला मी मशिदीत गेलो. परत आलो तर माडीवर गादी रिकामी. रहीमो म्हणाली, "पांढरी पायघोळ जलाबा मागितली, मी इस्त्री करून दिली. साखरेचा एक गड्डाही मागितला. मला वाटलं बतूलसाठी."

मी धावलो, या वयात, अनवाणी म्हटलं तरी चालेल. मशीद नुकतीच सुटली होती, गल्ली माणसांनी भरलेली. अब्देलखालक दुकानाच्या पायरीवर, केशकर्तनवाला त्याच्या दारात, पुदिना विकणारी बाई, सगळे. आणि मफद्दल स्वतःच्या दारासमोर उभा, भिंतीला न टेकता. पांढरी जलाबा, टोपी सरळ, काखेत निळ्या कागदातला साखरेचा गड्डा. आमच्याकडे परक्याच्या घरी जाताना नेतात तसा.

त्याने दारावरचा ठोठावायचा लोखंडी हात तीनदा वाजवला आणि जेवढा श्वास उरला होता तेवढ्या श्वासाने हाक मारली, "दैफल्लाह!"

अल्लाहचा पाहुणा. रात्रीबेरात्री गावात आलेला वाटसरू हाक मारतो ती हाक. तो थांबला, खोकला, पुन्हा म्हणाला, "दैफल्लाह. या घरच्या मालकीणबाई आहेत का? परका माणूस आहे. तीन दिवस जागा मिळेल का?"

दार उघडलं. बतूल उंबऱ्यात उभी राहिली, हातात सुई तशीच. तिने बापाकडे बघितलं, मग त्याच्या मागे उभ्या सगळ्या गल्लीकडे. तिला कळलं. मला वाटतं माझ्याआधी तिला कळलं.

"या," ती म्हणाली. "पाहुण्याचं घर आहे. बसा."

त्याने साखरेचा गड्डा तिच्या हातात दिला, चप्पल बाहेर काढली आणि तिने 'आत या' असं दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत उंबरा ओलांडला नाही. मी अब्देलखालककडे बघितलं. त्याने कापडाचं एक ठाण उचललं, उगाच झटकलं आणि आत गेला.

तीन दिवस मफद्दल गल्लीकडच्या पाहुण्यांच्या खोलीत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मला म्हणाला, "हाश्मी, उचल मला. पाहुणा तीन दिवसांचा." मी आयुष्यभर नियम सांगणारा माणूस, मी म्हणालो, "पडून राहा. यजमान निघा म्हणत नाही तोवर पाहुणा निघत नाही, हाही नियमच आहे." असा नियम आहे की नाही मला आजही माहीत नाही. संध्याकाळच्या बांगेआधी तो गेला.

घरावर कुणी दावा लावला नाही. अब्देलखालकने एका वकिलाला विचारलं म्हणे. वकिलाने गल्लीतल्या चार जणांना विचारलं, आणि केशकर्तनवाल्यासकट चारही जणांनी तीच हाक सांगितली. कागद टिकला. सी लार्बी म्हणाला, चाळीस वर्षांत इतका पक्का दस्त बघितला नाही.

चाळीसाव्या दिवशी मी नक्कल घेऊन बतूलकडे गेलो. तिने ती न वाचता कपाटात ठेवली. चहा आणला. मी म्हटलं, "शेवटी ऐकलं बुवा त्याने. एकदाचं ऐकलं."

"हो," ती म्हणाली. "तीन दिवस काही बोलले नाहीत. नळ गळत होता, काही नाही. सूप दिलं की म्हणायचे, अल्लाह तुमचं भलं करो, लल्ला बतूल, परक्या बाईला मानाने म्हणतात तसं. मी 'बाबा' म्हटलं की खिडकीकडे बघून ओठांवर बोट ठेवायचे. शेवटच्या दुपारी मी मुद्दाम गाजरं मोठी चिरली, काका. म्हटलं, आता तरी ओरडतील."

तिने माझ्या पेल्यात आणखी चहा ओतला.

"म्हणाले, फार छान झालंय."